रस्ता उघडणं हीच लढाई

लढाई म्हणजे चढाई, असं आपलं ठाम मत आहे. वाशीम, मंगरुळपीर, कारंजा, कुठल्याही गावचं १५ ऑगस्टचं भाषण घ्या. वीर एकदाच झेपावतो, शत्रू लोळतो, टाळ्या पडतात. बाकीचे दिवस जणू हमालीचे! हे मत खोडायला परमवीरचक्राचे मानकरी रामा राघोबा राणे एकटे पुरेसे आहेत.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, लष्करातल्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे. काश्मीरच्या युद्धात, एप्रिल १९४८मध्ये, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना वाट करून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. भाषणांत त्यांचा एकच प्रसंग येतो: रणगाड्याखाली सरपटत सुरुंग शोधल्याचा. पण प्रशस्तिपत्र वाचलं, तर त्यात पोवाडा कमी आणि घड्याळच जास्त दिसतं.

८ एप्रिलला काम सुरू होतानाच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. तरी दिवसभर ते रणगाड्यांबरोबर राहिले. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आल्यावर थांबायचं सोडून गोळीबारातच रात्री दहापर्यंत वळणरस्ता खणत होते. ९ला पहाटे सहापासून पुन्हा तेच. वाटेत आडवी पाडलेली पाइनची झाडं सुरुंग लावून उडवली. पुढे मोरी उद्ध्वस्त केलेली. अंधार पडता पडता पाच मोठ्या झाडांचा, सुरुंग पेरलेला, मशीनगनच्या टप्प्यातला अडथळा आला. १०ला पावणेपाचला त्यालाच हात घातला, साडेसहाला तो मोकळा केला. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र मागच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत राबत राहिले, अन्नपाणी-विश्रांतीशिवाय.

यावर विरोधक म्हणतील, बरवाली टेकडी डोगरा पलटणीनं जिंकली नसती तर राणेंना फावडं तरी मारता आलं असतं का? नसतं. हे मान्यच. पण टेकडी जिंकल्यावरही रणगाडे पुढे सरकत नव्हते, त्याचं काय? काळ्या मातीच्या पावसाळी वाटेवर बैल धष्टपुष्ट असूनही चाक रुतलं की माल गावातच राहतो, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे: हे धैर्य नव्हे, नेमून दिलेलं काम. म्हणजे नेमून दिलेलं काम करताना गोळी लागत नाही की काय? उलट, चढाईच्या आवेशात भीती विसरता येते. इथे सुरुंगापाशी हात स्थिर ठेवायचा, तोही चार दिवस, मांडीला जखम घेऊन. मला तरी हे झेपावण्याहून अवघड वाटतं. ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. १९४०मध्ये भरती झालेल्या राणेंनी ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्धच्या युद्धाचा अनुभव घेतला होता.

११ला अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला झाला, आणि पुढच्या रस्त्यावर रात्री दहापर्यंत काम चाललं. १२ला राजौरी हाती आली. भाषण करणाऱ्यांनी १२ तारीख जरूर सांगावी, पण आधीच्या चारही तारखा वेळेसकट सांगून.