लावणीत मोडलेल्या कंबरेचे काय?

आषाढ लागला की मालवण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत संध्याकाळी जा, एक वाक्य हटकून कानावर पडते. "कंबार धरली गो माझी, उठाक येणा नाय." म्हणणारी बाई हे हसत म्हणते, ऐकणारीही हसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा चिखलात वाकतात.

आपल्या बैठकांत हापूसच्या पेटीचा भाव निघतो, काजू बीचा दर निघतो, वानरांनी केलेली नुकसानी निघते. कंबर कधी विषयपत्रिकेवर आलेली मला आठवत नाही. ती घरातली, बायकांची, हसण्यावारी न्यायची गोष्ट. तेव्हा ज्यांना हसायचे असेल त्यांनी आधी हसून घ्यावे, आणि मग एक साधे गणित करावे.

भाताची लावणी दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन चुडांत १५ सेंटिमीटर अंतराने केली, तर एका गुंठ्यात सुमारे ३,३०० चूड बसतात. एकराला झाले एक लाख तीस हजारांच्या वर. दहा बायकांनी एकराची लावणी एका दिवसात उरकली असे धरा. एकेका बाईने तेरा हजारांवर वेळा बोटांनी चूड चिखलात रोवला. प्रत्येक चुडामागे ती सरळ उभी राहत नाही. राहिली तर लावणी होणारच नाही. ती कंबरेत मोडते ती न्याहारीपर्यंत, मग जेवणापर्यंत, मग काळोख पडेपर्यंत. जुन्या इरल्याचा आकार आठवा. डोक्यापासून कंबरेखालपर्यंत पाठ झाकणारे ते इरले सरळ उभ्या माणसाच्या उपयोगाचेच नाही. ते बनवणाऱ्याला ठाऊक होते की ते घालणारी बाई दिवसभर वाकलेलीच असणार. आता इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. वाकणे तेच राहिले.

पुरुषांच्या कंबरा शाबूत आहेत असे मी म्हणत नाही. चिरे उचलणारे, पाठीवर १६ लिटरचा पंप घेऊन कलमांवर फवारणी करणारे, किनाऱ्यावर रापण ओढणारे, सगळ्यांची पाठ बोलते. पण पुरुष घरी येऊन पडवीत पालथा पडतो आणि हाक मारतो. बायको तेलाची वाटी घेऊन येते, नाहीतर नातवाला पाठीवर उभे करून तुडवून घेतले जाते. बायकोची कंबर कोण चोळतो? शेतातून आल्यावर तिला चूल आहे, गोठा आहे, भांडी आहेत. चोळून घ्यायला अर्धा तास पालथे पडावे लागते आणि दुसऱ्या कोणाचा अर्धा तास मागावा लागतो. हे दोन्ही अर्धे तास तिच्याजवळ नसतात. म्हणून ती गोळी खाते.

आमच्या घरातलेच सांगतो. आईच्या वेळी वाडीत बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी एक बाई होती. लावणी संपली की आई तिला बोलावणे पाठवी. खोबरेलात थोडे उंडीचे तेल घालून ती कोमट करी, आईला चटईवर पालथे निजवी आणि आधी नुसता तळहात ठेवून बसे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हाडावर नव्हे, खालून वर अंगठे चालवी. कुल्ल्यावर तळहाताचा जोर देई. मागाहून निर्गुडीच्या पाल्याचा शेक. असे तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी आई वाकून केर काढी. त्या बाईला मिळत ते दोन नारळ आणि पायलीभर तांदूळ. पैसा द्यायचा असतो हे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नाही.

पुढे माझ्या वहिनीची कंबर धरली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. तिला तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासल्यासारखे केले, सुई टोचली, गोळ्यांची पुडी दिली. संध्याकाळी दुखणे गायब. दुसऱ्या दिवशी वहिनी लावणीला गेली, कारण दुखतच नव्हते. त्यानंतर दर आठ दिवसांनी सुई. चतुर्थीला घरात गणपती बसला तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळली होती आणि तिच्या पोटात आग पडत होती. आणि सुई टोचायला गाडीवरून तिला नेणारा मीच होतो, हेही लिहून ठेवतो.

दुखणे थांबवणाऱ्या गोळीची किंमत पोटाला आणि मूत्रपिंडाला मोजावी लागते. त्यातली डायक्लोफिनॅक आपल्या ओळखीची आहे. हेच औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली सरकारने ते गुरांसाठी बंद केले. माणसात आणि गिधाडात फरक आहे, हे मान्य. माणसासाठी ते औषध योग्य मात्रेत, थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली चालते. पण आमच्याकडे ते पानपट्टीवरच्या सुपारीसारखे खाल्ले जाते, तेही पाणी पुरेसे न पिता दिवसभर राबणाऱ्या बायकांकडून.

आता कोणी म्हणेल, चोळणे ही आजीबाईची समजूत, त्यात शास्त्र काय? शास्त्र काय म्हणते ते पाहू. २०११ साली अमेरिकेतल्या सिएटल भागात जुनाट कंबरदुखी असलेल्या ४०१ माणसांवर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्यातून एकदा असे दहा आठवडे मालीश दिले, काहींना त्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवू दिले. दहा आठवड्यांनी मालीश घेतलेल्यांपैकी तिघांत एकाहून थोड्या अधिकांनी दुखणे खूप कमी झाले किंवा गेलेच असे सांगितले. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत असे सांगणारे शंभरात चार. सहा महिन्यांपर्यंत माणसांना हिंडाफिरायला, कामाला त्याचा फायदा दिसला. वर्षाअखेरीस तो बराचसा ओसरला. या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मालीश दोन तऱ्हेचे होते, एक स्नायू नि सांधे शोधून नेमके दाबायचे, दुसरे साधे, सैल पाडणारे. दोघांच्या गुणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे मोठ्या पदवीवाचूनही, नीट शिकलेल्या साध्या हाताने काम होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली पंचवीस प्रयोग एकत्र तपासणारा एक आढावा निघाला. त्याचे म्हणणे असे, की मालीशचा आराम थोड्या काळाचा दिसतो आणि पुरावा कच्चा आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शन काढले, त्यात व्यायामाबरोबर मालीशलाही जागा दिली आणि कंबरेचे पट्टे सरसकट बांधू नका असे सांगितले. आमच्याकडे पट्टा बांधणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे, तेवढे ध्यानात घ्यावे. २०२० साली जगात ६१.९ कोटी माणसांना कंबरदुखी होती आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त, हेही त्याच संघटनेचे आकडे.

चोळल्याने हाड बसत नाही, शीर जागेवर येत नाही. दिवसभर ताणून आखडलेला स्नायू सैल होतो, जीव निवतो, झोप लागते, आणि दुखण्याला भिऊन ताठ झालेले अंग पुन्हा हलायला लागते. एवढेच होते. पण लावणीच्या बाईला एवढेच हवे असते. चोळून झाल्यावर अंथरूण धरून बसू नये, हळूहळू हिंडावे. कोणी हिसका देऊन 'कट्' वाजवतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. नुसता पाय लावण्याने नुकसान नाही, पण त्याची वाट पाहत चार दिवस कुढत बसण्यात अर्थ नाही.

आणि काही कंबरा चोळायच्याच नसतात. ताप असेल तर मुळीच नाही. भातशेतीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या आणि कंबर ठणकणे, डोळे लाल होणे ही लेप्टोची खूण असू शकते. आपल्या जिल्ह्यात या रोगाच्या साथी येऊन गेल्या आहेत, त्यात माणसे दगावली आहेत. उंदरांच्या मुताने नासलेल्या पाण्यात भेगाळलेले पाय घेऊन उभे राहणाऱ्यांचाच तो रोग. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, पडून मार लागला, तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठण्यात एक रात्रही घालवू नका. गरोदर बाईला पालथे घालून चोळू नये, हे सुईणींना सांगावे लागत नाही. नवख्यांना सांगावे लागते.

आता गंमत पाहा. तारकर्लीपासून देवबागपर्यंत पर्यटक आले, त्यांच्यामागे मसाजच्या पाट्याही आल्या. गाडीत बसून पाठ आखडली म्हणून मुंबईचा पाहुणा तासाभराच्या मालीशला मुकाट्याने पैसे मोजतो, आणि ते योग्यच आहे, कारण ती मेहनत आहे, कसब आहे. पाटीवर 'केरळी' लिहिलेले असते. आमच्या वाडीतल्या बाईच्या हातात तेच कसब असून तिला नारळ. चोळणे हे न्हाव्याचे, सुईणीचे, खालच्या मानलेल्या माणसाचे काम ठरवून ठेवले, म्हणून त्याला मजुरी लागू झाली नाही. जपानने १९४७ सालीच कायदा करून मालीश करणाऱ्याला परवाना आणि व्यवसायाचा दर्जा दिला. आमच्याकडे ती बाई म्हातारी होऊन मरते आणि हात तिच्याबरोबर जातो.

भाताच्या भावाचेही तेच. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. तो काढताना बियाणे, खत, मजुरी मोजतात, घरच्या माणसांच्या श्रमाचीही काही किंमत धरतात. बैल झिजतो, नांगर झिजतो, त्याची घसारा म्हणून नोंद होते. कंबर झिजते त्याची नोंद कुठल्या रकान्यात आहे? लावणीनंतरचे तीन दिवस, तेल, गोळ्या, बुडालेली मजुरी, हे सगळे त्या बाईने स्वतःच्या अंगावर काढायचे आणि तो तांदूळ स्वस्त म्हणायचा.

चोळणे हा काही वाकण्यावरचा उतारा नव्हे, हे मलाही कळते. वाकणेच कमी झाले पाहिजे. रायगड जिल्ह्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभे केले. त्यात कायमचे गादीवाफे, टोकण, ना चिखलणी ना लावणी. तणनाशकावर भिस्त राहते ही त्यातली खोट मला खटकते, तरी ते आपल्या कुणग्यांत करून पाहण्यासारखे आहे. लावणीचे यंत्र सपाट शेतात चालते, आपल्या डोंगरउताराच्या हातभर कुणग्यांत ते वळवायचे कुठे? म्हणजे पुढची कित्येक वर्षे बायका वाकणारच आहेत. तोवर त्यांच्या कंबरेला हात मिळाला पाहिजे.

वाडीतल्या त्या बाईची सून आता हे काम जाणते. तिचेही वय साठीच्या पुढे गेले. मागच्या पावसाळ्यात मी तिला विचारले, तुम्ही सगळ्यांच्या कंबरा चोळता, मजुरी काय ठरवली आहे? ती लाजली. मग म्हणाली, "मजुरी ऱ्हवांदे. माझी कोण चोळतलो, ता सांग."

येत्या जिल्हा बैठकीपुढे मी दोन गोष्टी ठेवणार आहे. लावणी आणि कापणीच्या दिवसांत प्रत्येक आरोग्य उपकेंद्रावर आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी चोळणारी बाई बसवावी, तिला फिजिओथेरपीच्या माणसाकडून चार दिवसांचे शिक्षण द्यावे, कोणाला चोळायचे नाही हे आधी शिकवावे, आणि लावणीच्या मजुरीइतकी रोख मजुरी द्यावी. ही मागणी जिल्हा परिषदेकडे करायची. दुसरी मागणी कोणाकडे करायची नाही, आपणच करायची. प्रत्येक गावाने येताना आपल्या गावात हे काम जाणणाऱ्या बायकांची नावे आणि वये लिहून आणावीत, आणि त्यांच्याकडून शिकायला तयार असलेल्या दोघांची नावे. दोघांत एक पुरुष असावा. मी माझे नाव आमच्या वाडीच्या कागदावर घातले आहे.