पत्रे वाटले, हूक कुठे आहेत?

"आभाळातून आलेलं संकट, त्याला कोण काय करणार?" हे वाक्य नोकरीत मी अनेक राज्यांत, अनेक भाषांत ऐकलं आहे. ज्याचं घर गेलं त्याच्या तोंडी ते शोभतं. ज्याच्या हातात शिक्का आणि निधी आहे, त्याने ते उच्चारू नये. निदान उत्तर बंगालच्या टोर्नेडोबद्दल तरी नाही.

31 मार्च 2024, रविवार दुपार. जलपाईगुडी शहराचा काठ आणि तिस्तेपलीकडचा मयनागुडीचा भाग काही मिनिटांत झोडपला गेला. पाच माणसं गेली, शेकडो जखमी झाली, घरं किती पडली याची मोजदाद कित्येक दिवस चालली होती. सगळीकडे एकच शब्द: अचानक.

अचानक? 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या सातुरिया भागात टोर्नेडोने सुमारे 1300 माणसं मारली. जगात एका टोर्नेडोने घेतलेले सर्वांत जास्त बळी तेच मानले जातात. 24 मार्च 1998 ला दांतन आणि बालासोरच्या पट्ट्यात शंभराहून अधिक. 31 मार्च 2009 ला ओडिशातलं राजकनिका. तारखा पाहा. उपसागरावरून येणारी दमट हवा खाली, पश्चिमेकडची कोरडी गरम हवा वर, त्यातून उठणारी कालबैसाखी, आणि तिच्याच पोटात कधीतरी टोर्नेडो. दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये या पट्ट्यात हा धोका असतोच. नेमकी जागा आणि वेळ सांगता येत नाही, हे खरं. पण शत्रू कोणत्या नाक्यावरून येईल हे माहीत नाही म्हणून कोणी खंदक खणायचं सोडत नाही.

पहिला घोटाळा नावाचा आहे. मराठीत आपण यालाही चक्रीवादळच म्हणून मोकळे होतो. 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ धडकलेलं 'निसर्ग' हे चक्रीवादळ. ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, त्याची खबर दोन-तीन दिवस आधी लागते, लोकांना हलवता येतं. टोर्नेडोचा पट्टा बहुतेक वेळा काहीशे मीटरचा. अमेरिकेतसुद्धा सरासरी दहा-पंधरा मिनिटांची सूचना मिळते. तेवढ्यात माणूस पळून पळून जाणार कुठे? तो घरातच असणार. म्हणून टोर्नेडोत खरा प्रश्न घराचा असतो.

त्या एप्रिलमध्ये मी मयनागुडीकडचे आतले रस्ते गाडीने पालथे घातले. कितीतरी वेळ काहीच दिसत नाही. हिरवी भातं, बांबूची बेटं, चहाच्या पानांचे ट्रॅक्टर. मग एका वळणानंतर सुपारीची झाडं कमरेतून मोडलेली, पत्रा खोडाभोवती कागदासारखा गुंडाळलेला, जोत्यावर फक्त चूल. आणखी दोनशे पावलांवर घर धड, दोरीवर कपडे वाळत घातलेले. तिथे गावाबाहेरच्या गाड्याही उभ्या होत्या, त्यातली माणसं फोन उंच धरून चित्रण करत होती. त्यांच्यावर मी चिडणार नाही. ते निदान बघायला आले होते.

एका म्हाताऱ्या गृहस्थांना मदतीचे नवे पत्रे मिळाले होते. मी विचारलं, "काका, कसे बसवणार?" ते म्हणाले, "जुन्यासारखेच, साहेब. फक्त आता विटा दुप्पट ठेवीन."

माझं सगळं भांडण या उत्तराशी आहे, आणि दोष काकांचा नाही. वारा छपराला वरून दाबत नाही, तो त्याला उचलतो. वरून ओढ, खालून दारा-पाखाडीतून शिरलेला दाब. अशा वेळी छपरावरची वीट म्हणजे तोफेत भरलेला गोळा. आम्ही तंबू ठोकतो तेव्हा त्यावर दगड ठेवत नाही, दोर ताणतो आणि खुंट्या मारतो. घरालाही तेच हवं: पत्रा रिपेला हूक-बोल्ट आणि वॉशरने, रीप वाशाला, वासा खांबाला पट्टीने, खांब जमिनीत पक्का. एवढ्याने टोर्नेडोच्या मध्यात सापडलेलं घर वाचणार नाही. पण कडेला असलेली घरं वाचतील, साध्या कालबैसाखीत टिकतील, आणि उडून माणूस कापणारे पत्रे कमी होतील. आपण पत्रे वाटतो, त्यांना धरून ठेवणारं काही देत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. केंद्राच्या मदत निकषांत बारा आपत्ती आहेत. त्यात चक्रीवादळ आहे, गारपीट आहे, टोळधाडीसारखं कीडसंकटही आहे; टोर्नेडो नाही. स्थानिक आपत्तींसाठी राज्यांना निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि ओडिशाने टोर्नेडो आपल्या यादीत घेतलाही. मग देशाच्या यादीत का नको? त्याच निकषांत, 2022 ते 2026 साठी, सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार, आणि झोपडीला 8 हजार. कच्चं घर की झोपडी, हे ठरवणार प्रशासन. जिथे जोत्यावर फक्त चूल उरली, तिथे काय पाहून ठरवणार?

कोणी म्हणेल, एवढ्या दुर्मीळ गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? दुर्मीळ आहे की नोंदवलेली नाही, हे आधी सांगा. टोर्नेडोचा वेग मोजणारं यंत्र बहुधा जागेवर नसतंच. म्हणून जगभर मोडलेली झाडं आणि घरं पाहून तो काढतात. ढिगारे उचलले की तो पुरावाही गेला. लष्करात एखादी गाडी उलटली तरी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. पाच माणसं मेल्यावर गावाला एवढंही मिळू नये?

मागणी छोटी आहे. टोर्नेडोला यादीत त्याचं नाव द्या. चोवीस तासांच्या आत पट्ट्याची पाहणी करून ती प्रसिद्ध करा. आणि मदतीच्या प्रत्येक गठ्ठ्यात पत्र्यांसोबत हूक, वॉशर, पट्ट्या आणि ते बसवून दाखवणारा एक मिस्त्री पाठवा. पुढचा मार्च कधी येणार हे तरी सगळ्यांना ठाऊक आहे.