धर्माच्या वर्गात शरीराचा धडा कोण शिकवणार?

‘ताई, धर्म आणि असले विषय यांची सरमिसळ करू नका,’ असं कात्रपमधल्या एका सभेत मला ऐकवण्यात आलं. ऐकवणारे बुवा प्रवचनकार, वयाने वडीलधारे. म्हणून तिथे मी सौम्य बोलले, इथे बोलणार नाही.

मैत्रिणींनो, सरमिसळ केली कोणी? पाळीच्या चार दिवसांत देवघराला शिवू नये, विधवेला ओटीच्या कार्यक्रमाला बोलावू नये, नवऱ्याला नकार देणं पाप, मूल न झालेली ती वांझ आणि तिचा पायगुण वाईट, हे सगळं आपल्याला कोणत्या डॉक्टरने शिकवलं? हे लैंगिक शिक्षणच आहे, आणि ते धर्माच्या नावाने घरोघर दिलं जातं. फरक इतकाच, की या वर्गात उलट प्रश्न विचारता येत नाही. माझं म्हणणं साधं आहे. पुरोहित, कीर्तनकार, पाद्री, मौलवी तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेत लैंगिकता आणि धर्म हा विषय उघडपणे शिकवला जावा, आणि शिकवणाऱ्यांत बायका असाव्यात.

अशा शिक्षकाचं काय होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज स्कॉटिश मिशनऱ्यांचं. कर्वे वर्गात गणिताखेरीज काही शिकवत नव्हते. पण 1921 साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. मग सनातनी हिंदू कोर्टात गेले. म्हणजे नोकरी घालवली ख्रिस्ती संस्थेने आणि खटले भरले हिंदूंनी! बाईच्या शरीराचा प्रश्न आला की सर्वधर्मसमभाव असा चटकन साधतो. 1934 च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकाने उत्तरं दिली, एवढाच गुन्हा. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र 1953 पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. मालतीबाई कर्वे या सगळ्यात नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या होत्या. त्यांचं नाव आपणही क्वचितच घेतो, हेही नोंदवून ठेवते.

बाहेरच्या जगातही निराळं घडलेलं नाही. 1968 मध्ये पोपने कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरवलं. अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठातले धर्मशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स करन यांनी त्याला जाहीर विरोध केला. 1986 मध्ये व्हॅटिकनने त्यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवायला अपात्र ठरवलं आणि त्यांचं तिथलं शिकवणं संपलं. मार्गारेट फार्ली जोगीण. त्यांनी लैंगिक नीतीवर पुस्तक लिहिलं 2006 मध्ये, व्हॅटिकनने त्यावर ठपका ठेवला 2012 मध्ये. पण त्या शिकवत होत्या येलच्या धर्मशास्त्र विद्यालयात, तिथे पोपची सत्ता चालत नाही. आपल्याला यातून घेण्यासारखं हे, की वर्गात काय शिकवायचं हे ज्याच्या हाती नेमणूक तो ठरवतो. नुसती ‘पुरोगामी’ माणसं आत घुसवून भागणार नाही. त्यांच्या नोकरीला संरक्षण हवं.

आता आमच्या गावाकडे येते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती नोंदवायला पालकांना पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, पेढे वाटले गेले, आणि पुष्कळांच्या दृष्टीने विषय मिटला. मला विचाराल तर विषय तिथे सुरू होतो. मुलीने ‘तिथे दुखतं’ म्हटलं तर आई पहिल्यांदा काय करते? गप्प बस म्हणते, कारण ‘तिथे’ला घरात नावच नाही. मग ती पोलिसांकडे जाण्याआधी कोणाकडे जाते? पुष्कळदा मठात, चर्चमध्ये, दर्ग्यावर, भगताकडे. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती मिळालेल्या कोणालाही ती कळवणं बंधनकारक आहे. त्यातून बुवाही सुटत नाहीत आणि फादरही. हे त्यांना त्यांच्या शिक्षणात कोणी सांगतं का?

शाळांनी शिकवावं म्हणाल, तर 2007 मध्ये याच महाराष्ट्रात संस्कृतीच्या नावाने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं गेलं. विधिमंडळात आरडाओरडा झाला तो पुस्तकातल्या चित्रांवरून.

आपल्यातल्या काही जणी म्हणतात, धर्मसंस्थांच्या नादी कशाला लागायचं, आपण बाहेरून लढू. मला हे पटत नाही. कात्रपच्या चाळींतली आणि नव्या सोसायट्यांतली बाई आपल्या शिबिराला वर्षातून एकदा येते, सत्संगाला आठवड्यातून एकदा जाते. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, त्या आज लग्नं लावतात. मंत्र म्हणणारी बाई चालली. तीच बाई लग्नाआधी मुलामुलीला समोर बसवून संमती म्हणजे काय हे सांगू लागली, तर किती यजमान तिला पुन्हा बोलावतील? मला ते बघायचं आहे. बुवांना मी पुढच्या बैठकीचं आमंत्रण दिलं आहे. त्यांनी विषय विचारला. मी ‘विटाळ’ असं लिहून दिलं.