दानाईची पेटी, कुंतीची पेटी

ग्रीक देवांनी मर्त्य स्त्रियांना गाठले की त्यास प्रेमकथा म्हणायचे, ही लंडनच्या कलाजगताची सवय याही आठवड्यात सुटलेली दिसत नाही, आणि तिच्यावरील या स्तंभाचा जुना आक्षेपही कायम आहे. लंडनमधल्याच ॲप्सली हाऊसमधील तिशियनचे चित्र ‘दानाई’ स्पेनच्या फिलिपसाठी रंगवले गेले, १८१३ मध्ये व्हितोरियाच्या लढाईनंतर जोसेफ बोनापार्टच्या सामानात सापडले आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे आले, हा मालकीचा इतिहास चोख सांगितला जातो. चित्रात सुवर्णवृष्टीच्या रूपाने देवराज झ्यूस शय्येवर उतरतो आणि म्हातारी दासी ते सोने ओच्यात झेलू पाहते. दानाईचे पुढे काय झाले, हे मात्र चौकटीबाहेरच राहते.

नातवाच्या हातून मृत्यू येईल या भाकिताने धास्तावलेल्या पित्याने, आर्गोसचा राजा अक्रिसियस याने, दानाईला तान्ह्या पर्सियससह पेटीत घालून समुद्रात सोडले. महाभारताच्या वनपर्वात कुंती दाईला सोबत घेऊन, आपले तान्हे मूल ठेवलेली आणि मेणाने सांधे बुजवलेली पेटी मध्यरात्री अश्वनदीत सोडते, आणि ती पेटी चर्मण्वती, यमुना, गंगा अशी वाहत चंपानगरीला लागते. दोन्ही ठिकाणी कुळाच्या अब्रूची किंवा सिंहासनाची भीती आहे आणि पेटी पाण्यात पडते तेव्हा बाळाचा दैवी पिता जवळ नाही. भेद एवढाच, पण तो जीवघेणा आहे: दानाईला उघड शिक्षा झाली म्हणून मूल तिच्या कुशीत राहिले, तर कुंतीची अब्रू वाचली म्हणून तिचे मूल गेले.

प्राचीन कवींना हे दिसले होते. इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांतील सिमोनिडीस याच्या उपलब्ध काव्यखंडात वादळी समुद्रावरील दानाई झोपलेल्या बाळाशी बोलते. व्यासांची कुंती आपल्या सोडून दिलेल्या बाळाला पाजणाऱ्या परक्या स्त्रीला धन्य मानते. ब्रिटनमध्येही बर्न-जोन्सने, ग्लासगोत असलेल्या चित्रात, कैदेसाठी उभारला जाणारा पितळी मनोरा पाहणारी दानाई दाखवली. वॉटरहाउसने १८९२ मध्ये पेटीसह किनाऱ्याला लागलेली दानाई रंगवली, पण ते चित्र १९४७ मध्ये चोरीला गेले.

ॲप्सली हाऊसला मुलांना घेऊन जाणाऱ्या मराठी आईबापांनी त्यांना सोन्याच्या सरींबरोबर पेटीचीही गोष्ट सांगावी, आणि तिथेच कुंतीचीही सांगावी.