कच्चं लिंबू आणि आठ नंबर

आमच्या लहानपणी वाड्यात लपंडाव असो की लगोरी, प्रत्येक खेळात एखादं तरी कच्चं लिंबू असायचं. कुणाची धाकटी बहीण, कुणाकडे सुट्टीला आलेला आतेभाऊ. त्याला पळायला मिळे, ओरडायला मिळे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. मी पाचएक वर्षांचा असताना दोन सुट्ट्या कच्चं लिंबू होतो. पहिली मजेत गेली. दुसऱ्या सुट्टीत एकदा लगोरीचा चेंडू माझ्या पाठीत सणकून बसला. मी बाद झालो म्हणून ओट्यावर जाऊन बसलो, तर ते कुणाच्या लक्षातही आले नाही. खेळ तसाच चालू राहिला. चेंडू लागल्याचे रडू नव्हते ते, पण आईला तेव्हा सांगता आले नाही.

हे आठवायला निमित्त झाले आमच्या जिमखान्यातल्या पूलच्या स्पर्धेचे. पुण्यात टेबलावरच्या खेळांचा अभिमान जुना. विल्सन जोन्स यांचा जन्म इथला, १९२२ चा. १९५८ साली कलकत्त्यात ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्यांचे नाव घेत आमच्याकडची जुनी मंडळी अजूनही पूलला ‘पोरांचा खेळ’ म्हणून नाक मुरडतात. (आणि सात वाजले की रांगेत पहिला नंबर लावतात.) बाप आणि मुलगी, डॉक्टर आणि त्यांचा कंपाउंडर, सगळ्यांना एकमेकांशी चुरशीने खेळता यावे म्हणून आम्ही स्पर्धा हँडिकॅपची ठेवली. म्हणजे जो चांगला खेळतो त्याने दुबळ्याला आधीच काही सूट द्यायची. त्याने सात डाव जिंकायचे, तर समोरच्याने पाचच. किंवा ‘आठ द्यायचा’.

हे आठ देणे जरा समजावून सांगितले पाहिजे. नऊ बॉलच्या खेळात टेबलावरचा सर्वांत लहान नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे, आणि नियमाप्रमाणे नऊ नंबर पॉकेटमध्ये घालील त्याचा डाव. आठ दिला म्हणजे दुबळ्या खेळाडूने आठ घातला तरी डाव त्याचा. बलवानाला मात्र नऊच घालावा लागतो. फाउल झाला, उदाहरणार्थ पांढरा बॉलच पॉकेटमध्ये गेला, तर समोरच्याला तो हातात मिळतो. टेबलावर हवा तिथे ठेवून त्याने खेळायचे.

गेल्या वर्षी उपांत्य फेरीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांसमोर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. आम्ही त्याला आठ दिला होता. पंचाच्या खुर्चीवर मी. शेवटचा डाव, टेबलावर सात, आठ आणि नऊ. पाळी काकांची. त्यांनी सात मारला, तो पॉकेटच्या तोंडावर आपटून परतला आणि वाटेत आठला लागला. आठ पॉकेटमध्ये! पाठोपाठ पांढराही. फाउल. मुलाने पांढरा बॉल हातात घेतला, टेबलाकडे पाहिले आणि मला विचारले, “काका, माझा आठ?”

नियमाचे पुस्तक सांगते की फाउलमध्ये नऊ गेला तर तो परत जागेवर ठेवायचा. बाकीचे बॉल गेले ते गेले. मी पुस्तकाप्रमाणे निकाल दिला. मुलाने सात घातला, नऊ हुकवला, आणि तो काकांनी घातला. काकांनी काही लबाडी केली नव्हती. नियमही मोडला नव्हता. पण फाउल केला कुणी आणि फायदा झाला कुणाला? मुलाला दिलेली सूट एका चुकलेल्या फटक्याने परत घेतली गेली होती, आणि तिच्यावर शिक्का माझा होता.

पुस्तकात दोष नाही. ते बरोबरीच्या खेळाडूंसाठी लिहिलेले आहे. तिथे डाव जिंकून देणारा बॉल एकच. दोष आमचा. फलकावर ‘आठ दिला’ एवढे दोन शब्द लिहून आम्ही मोकळे झालो. ते माझ्याच अक्षरात होते. ज्या बॉलने कुणालाही डाव मिळू शकतो त्याला नऊचा न्याय लावायचा, फाउलमध्ये गेला तर परत ठेवायचा, हे एक वाक्य आधी लिहिले असते तर भागले असते. काकांनी तो आठ रीतसर, सातवरून मारून घातला असता तर मुलाची तक्रार नव्हती. ते कौशल्य झाले.

पुढच्या बैठकीत चर्चा झाली आणि ती भलतीकडेच गेली. मुलाबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटले होते. सूचना आली की ज्याला सूट आहे त्याचे बारीकसारीक फाउल धरूच नयेत. बाही लागली, क्यूचे टोक चुकून बॉलला टेकले, सोडून द्या, शिकतोय बिचारा. सूचना प्रेमाने आली होती आणि बैठक चहावर आली होती, त्यामुळे ती मंजूरच व्हायची. मी विरोध केला. भांडलो म्हटले तरी चालेल.

हँडिकॅप ठरतो कशावरून? मागच्या सामन्यांच्या निकालांवरून. ते निकाल असे का लागले? कारण त्याचा नेम चुकतो, पांढऱ्यावर ताबा राहत नाही, आणि फाउल जास्त होतात. म्हणजे त्याच्या फाउलांची भरपाई त्या सुटीत आधीच धरलेली आहे. वर पुन्हा फाउल माफ करायचे म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलणे. आणि त्या मुलाचे काय होणार? बाही आवरायला तो शिकणार कशाला? शिक्षा नसलेल्या चुकीकडे माणूस बघत नाही, आणि त्याच्या जिंकण्याकडेही मग कुणी फारसे बघत नाही. सूट खेळाआधी द्यावी, खुल्या मनाने द्यावी, हवी तर दुप्पट द्यावी. पण खेळ सुरू झाला की फाउल सगळ्यांचा सारखा. नाहीतर तो प्रतिस्पर्धी राहत नाही, कच्चं लिंबू होतो.

एका ठिकाणी मात्र मी नमते घेतले. आमच्याकडे काही जण स्ट्रेट पूल खेळतात. त्यात प्रत्येक बॉलला एक गुण आणि प्रत्येक फाउलला एक गुण वजा. लागोपाठ तीन फाउल झाले तर आणखी पंधरा वजा. शंभर गुण करायचे आहेत त्याला पंधरा म्हणजे सातवा हिस्सा. हँडिकॅपमुळे ज्याला साठच करायचे आहेत त्याला पाव डोंगर पुन्हा चढायचा. हा प्रसंग इतका विरळा की त्याची भरपाई सुटीत धरलेली असते असे म्हणवत नाही. तिथे साठवाल्याचे नऊ वजा करावेत, हे मला पटले. एकेका गुणाचे अपूर्णांक करत बसायला मात्र मी नाही म्हटले. स्नूकरच्या नियमातही खेळाडूने नेमका बॉल लावण्यासाठी ‘आपल्या कुवतीप्रमाणे’ प्रयत्न केला की नाही हे पंचाने पाहायचे असते. पण त्याने ‘मिस’ ठरते. फाउल तो फाउलच राहतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल बैठकीत कुणी बोलले नाही. शेवटच्या फेऱ्या सोडल्या तर आमच्या सामन्यांना पंच नसतो. फाउल झाला हे समोरच्याने सांगायचे. आता एकोणीस वर्षांच्या मुलाने, वडिलांच्या मित्राला, “काका, तुमची बाही लागली” असे चारचौघांत कसे म्हणायचे? सुटीचे फळ्यावर लिहिता येते, या संकोचाचे कुठे लिहिणार? वरचढ खेळाडूचे न पाहिलेले फाउल हाच आमच्या स्पर्धेतला सर्वांत मोठा हँडिकॅप आहे, आणि तो उलट्या बाजूने लागतो.

पाहणारा एक माणूस असतो. आमचे मार्कर गेली कित्येक वर्षे टेबलाशी उभे आहेत. गुण मांडतात, बॉल लावतात, क्यूला खडू देतात. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी एकदा विचारले, “अहो, दिसते तर बोलत का नाही?” ते म्हणाले, “विचारलं तर सांगतो साहेब. न विचारता मेंबरला कसं सांगू?” पगार सभासदांच्या वर्गणीतून येतो, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

यंदा फलकावर दोन ओळी वाढल्या. आठचा न्याय नऊसारखा, ही एक. दुसरी अशी की संशयाच्या फटक्याआधी कुणीही मार्करना ‘बघा’ म्हणावे आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा. दुसऱ्या ओळीवर कुरकूर झाली. आपल्या नोकराने आपल्याला फाउल द्यायचा, असे एक जण म्हणालेच. मी म्हटले, हो.

यंदा तो मुलगा आणि तेच काका पुन्हा समोरासमोर आले, या वेळी दुसऱ्याच फेरीत. पंच नव्हता. मी प्रेक्षकांत होतो. मुलगा वाकून नेम धरत होता आणि एकदम सरळ उभा राहिला. शर्टाची कड पांढऱ्याला लागली होती. मला दिसले नव्हते, काकांना दिसले नव्हते. मार्करांना दिसले असावे, पण त्यांना कुणी ‘बघा’ म्हटलेले नव्हते.

“जाऊ दे रे, खेळ तू,” काका म्हणाले.

“नाही काका, फाउल आहे,” म्हणत त्याने पांढरा बॉल उचलून त्यांच्या हातात दिला.

काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग बॉल हवा तिथे ठेवला आणि टेबलावरचे उरलेले तिन्ही बॉल घातले.