पुण्यस्मरण आणि प्रायश्चित्त

आमचे एक स्नेही गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे आले होते. निवृत्त प्राध्यापक आहेत. पत्नीला जाऊन येत्या महिन्यांत वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या दिवशीं आप्तेष्टांस वाटण्याकरितां त्यांनीं एक छोटी स्मरणपुस्तिका लिहिली होती, आणि आम्हीं तिची भाषा तपासून द्यावी अशी त्यांची इच्छा होती. गृहकृत्यदक्ष, अतिथ्यशील, प्रेमळ, सोशीक अशीं विशेषणें आठ पानांत ओळीनें मांडलेलीं होतीं. भाषेंत दोष नव्हता. परंतु वाचून झाल्यावर त्या बाई कशा होत्या हें कांहीं कळेना. आणि आम्ही तर त्यांच्या हातचें कितीदां तरी जेवलों आहों! शेवटीं आम्हीं एवढेंच विचारलें, "सोशीक म्हणतां तें खरेंच, पण त्यांनीं सोसलें तें काय?" ते बराच वेळ गप्प बसले आणि चहा न घेतांच उठून गेले.

त्यांना दुखविल्याची रुखरुख मनाला लागून राहिली. (घरांतूनही आमची यथास्थित कानउघाडणी झाली, तें असो.) जी गोष्ट त्या दिवशीं त्यांना सांगावयाची होती ती येथें लिहितों.

गांधीजींच्या आत्मचरित्रांत एक प्रकरण आहे. त्याच्या मथळ्यांत पुण्यस्मरण आणि प्रायश्चित्त हे दोन शब्द शेजारीं शेजारीं आले आहेत. प्रसंग १८९८ च्या सुमाराचा, दरबान शहरांतील. गांधीजींच्या बिऱ्हाडीं त्यांचे कारकून राहत. खोल्यांतून सांडपाण्याची सोय नसल्यामुळें रात्रीचीं भांडीं ठेवावीं लागत, आणि पाहुण्यांचीं तीं भांडीं हे पतिपत्नी स्वतः स्वच्छ करीत. त्यांत अस्पृश्य मानलेल्या कुळांत जन्मलेला एक ख्रिस्ती कारकून आला. त्याचें भांडें उचलणें कस्तुरबांना जड गेलें. तरी त्यांनीं तें उचललें. पण डोळ्यांतून पाणी गळत होतें. गांधीजींना तेवढ्यानें समाधान नव्हतें. तें काम तिनें हंसतमुखानें करावें असा त्यांचा हट्ट! शब्दाला शब्द वाढला. तुमचें घर तुम्हांलाच लखलाभ असो, अशा अर्थाचें कांहीं कस्तुरबा बोलल्या, तों त्यांचा हात धरून गांधीजींनीं त्यांना फाटकापर्यंत ओढीत नेलें आणि बाहेर घालविण्याकरितां फाटक उघडलें. या परमुलखांत मला ना आई ना बाप, मी जाऊं कोठें, असें त्या माउलीनें रडत विचारलें, तेव्हां ते शुद्धीवर आले.

तत्त्वाच्या बाजूनें पाहिलें तर गांधीजींचेंच म्हणणें खरें होतें, यांत आम्हांला शंका नाहीं. पण तत्त्व त्यांचें, आणि भांडें उचलणारे हात दुसऱ्याचे! आपल्या घरांतही सुधारणा येते तेव्हां ती प्रथम सुनेच्या डोक्यावर येऊन बसते, हें आमच्या वाचकभगिनींना आम्हीं सांगावयास नको. गांधीजींनीं हें प्रकरण लिहिलें तेव्हां कस्तुरबा हयात होत्या, आश्रमांत वावरत होत्या. म्हणजे कबुली दिली ती जिवंत पत्नीच्या समोर.

दोघांचाही जन्म १८६९ चा. कस्तुरबा कांहीं महिन्यांनीं वडील. लग्न झालें तें तेराव्या वर्षाच्या सुमारास. १९०६ सालीं गांधीजींनीं ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें. तेव्हांपासून आपण खरे मित्र झालों, असें ते पुढें म्हणत. १९१३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील एका न्यायाधीशानें असा निर्णय दिला कीं, ख्रिस्ती विधीनें न झालेले व नोंदणी नसलेले विवाह कायदेशीर नव्हेत. मग आम्ही बायका कोण ठरलों, असा प्रश्न कस्तुरबांना पडला, आणि त्या स्वतः सत्याग्रहांत शिरून तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. हें मैत्रीचें लक्षण खरें. पाठीमागून ओढत नेलेली बायको अशी तुरुंगांत जात नाहीं.

तथापि त्यांचा कणा शेवटपर्यंत ताठ होता. १९४२ च्या ऑगस्टपासून दोघेंही पुण्यास आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध होतीं. सत्तरी उलटलेल्या पत्नीला गांधीजी तेथें गुजराती, भूगोल असें शिकवीत. डॉ. सुशीला नायर त्या वेळीं तेथेंच होत्या. त्यांनीं एक लहानशी हकीकत नमूद केली आहे. बांना लिहिण्यासाठीं एक वही हवी होती. गांधीजी म्हणाले, आधीं सुट्या कागदांवर लिही, अक्षर सुधारलें म्हणजे वही देऊं. बांना तें लागलें. पुढें वही आली, पण त्यांनीं तींत लिहिलें नाहीं.

ती कोरी वही आमच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. आपल्याकडे रमाबाई रानडे यांनीं पतीच्या आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' घरोघर वाचलीं गेलीं. आमच्या कपाटांत अशीं पुस्तकें आहेत. पतीनें पत्नीविषयीं लिहिलेलीं त्या मानानें फारच थोडीं.

शेवटच्या दिवसांत थोरले चिरंजीव हरिलाल मद्यपान करून भेटीस आले, तेव्हां त्या मातेनें कपाळ बडवून घेतलें. धाकट्या देवदासांनीं पेनिसिलिन आणविलें. तें टोचण्यास गांधीजी अनुकूल नव्हते, आणि तें राहिलें. या निर्णयाविषयीं आजही घरोघर दोन मतें पडतील. आमच्या घरांत पडलीं आहेत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं सायंकाळीं कस्तुरबांनीं पतीच्या मांडीवर प्राण सोडला. त्यांच्या देहावर गांधीजींनीं कांतलेल्या सुताचें लुगडें होतें. राजवाड्याच्या आवारांतच दहन झालें, आणि चिता पूर्ण जळेपर्यंत ते वृद्ध गृहस्थ तेथून उठले नाहींत. व्हाइसरॉयच्या सांत्वनपत्राला उत्तर देतांना त्यांनीं लिहिलें कीं, हा वियोग वाटलें होतें त्याहून अधिक जाणवत आहे.

एवढें लिहून ठेवलें होतें, तों परवां आमचे स्नेही पुन्हां आले. पुस्तिकेंत त्यांनीं 'सोशीक' हा शब्द खोडला होता. त्या जागीं दहाबारा ओळी होत्या. १९७४ सालीं बाईंची परगांवच्या एका शाळेंत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. तें पत्र यांच्या हातीं पडलें, आणि रुजू होण्याची मुदत टळेपर्यंत यांनीं तें टेबलाच्या खणांत ठेवून दिलें. कांहीं वर्षांनीं तेंच पत्र, नीट घडी केलेलें, विम्याच्या कागदांत ठेवलेलें यांना आढळलें. बाई त्याविषयीं कधीं बोलल्या नाहींत. यांनींही विषय काढला नाहीं.

हा मजकूर छापणें त्यांच्या मुलीला पसंत नाहीं. सून म्हणते, छापाच. आम्हीं एके ठिकाणीं राहिलेला अनुस्वार घातला आणि कागद परत केला. त्या दिवशीं त्यांनीं चहा घेतला.