मानसशास्त्र आपल्या मुलांनी का घ्यावे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसतिगृहातील गुणी मुले विज्ञान शाखेकडे वळतात. कला शाखेत जाणारी मुले राज्यशास्त्र आणि इतिहास निवडतात, कारण स्पर्धा परीक्षेत ते उपयोगी पडतात. मानसशास्त्र मात्र ‘वेड्यांचा विषय’ किंवा सुखवस्तू घरांचा शौक समजून बाजूला ठेवले जाते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही अकरावीत वा पदवीच्या प्रथम वर्षात आपल्या मुलांनी हा विषय घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली आणि तेथून हे शास्त्र सुरू झाले, असे प्रास्ताविक पुस्तकांत असते. आपल्या शेजारच्या भाजे लेण्यांत त्याच्या दोन हजार वर्षे आधी भिक्खू चित्ताचे निरीक्षण करीत होते, हे खरे. पण ‘आमच्याकडे हे सारे होतेच’ म्हणून पुस्तक मिटून ठेवणे हे दुसऱ्यांचे काम; आपण तपासून घेणारे लोक आहोत.

आणि तपासायला दूर जावे लागत नाही. पावसाळ्यातील रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर एक जण धोक्याच्या पाण्यात उतरला की त्याच्यामागे दहा जण उतरतात. सॉलोमन ॲश यांनी 1951 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या रेषेची लांबीसुद्धा माणसे इतरांच्या मताला बळी पडून चुकीची सांगत. बहुमताचे हे दडपण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांच्या मुलांना ते नावानिशी ओळखता आले पाहिजे.

याहून महत्त्वाचे प्रकरण बुद्धिमापनाचे. आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पहिली चाचणी केली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. पुढे अमेरिकेत तिचाच वापर माणसांची उतरंड रचण्यासाठी झाला. आपल्याकडे ‘मेरिट’ हा शब्द त्याच ताठ्याने उच्चारला जातो. त्याला उत्तर म्हणून कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. खेड्यातील सहावी-सातवीच्या मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली आणि प्रत्येक सोडवलेल्या कोड्याला पैसे ठेवले. जात उघड केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, गाव व जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घसरली. कोडी तशीच, बुद्धीही तीच. मध्ये आला तो केवळ एक उच्चार. जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडले होते. वर्गात हजेरीच्या वेळी ‘सवलतीवाले कोण?’ असे विचारणाऱ्यांनी आपण काय करतो, हे या प्रयोगात पाहून घ्यावे.

या विषयाची पुस्तके आम्हांला पुरेशी वाटत नाहीत. पूर्वग्रहाच्या प्रकरणात वंश येतो, लिंगभाव येतो. जात एखाद्या ओळीत उरकली जाते. म्हणूनच तेथे आपली मुले बसायला हवीत. ती नसतील तर हा प्रश्न वर्गात विचारणार कोण? मुंबईत 2019 साली डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या मुलीलाही काय भोगावे लागते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा वेळी मुलगी घरी ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगते आणि आपण तिला अभ्यासात लक्ष घालायला सांगतो. तिचे शब्द समजणारे, तिच्याच वस्तीतून आलेले समुपदेशक आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, मुलीने अर्जात ‘मानसशास्त्र’ लिहिले तर ते खोडू नका. आणि माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हा विषय घेतला आहे, त्यांनी दहावीच्या वर्गासाठी वर्षातून एक दिवस शाळेत यावे. निवासाची व जेवणाची सोय वसतिगृहातच होईल.